अब्बांचा चार नंबर

अब्बांचा उजवा डोळा काचबिंदूने चार वर्षांपूर्वीच गेला होता. डाव्यात जे काही उरलं आहे तेही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी २०२३च्या दिवाळीनंतर सांगितलं तेव्हा आम्ही तिघं भावंडं दवाखान्याबाहेरच्या टपरीवर चहाचे ग्लास हातात धरून बराच वेळ गप्प उभे होतो. अब्बा टपरीच्या बाकड्यावर बसले होते. शेवटी आमच्यातल्या मधलीने त्यांना विचारलं, "अब्बा, कहीं जाना है क्या आपकू? कुछ देखना है?"

हज होऊन गेला होता. अजमेरही झालं होतं. आम्हाला वाटलं, कोल्हापूरच्या आमच्या फुफूकडे जायचं म्हणतील. अब्बांनी चहा संपवला, ग्लास चाचपत बाकड्यावर ठेवला आणि म्हणाले, "चार नंबर पे ले चलो."

आमच्या घराबाहेरच्यांना हे सांगावं लागेल. चार नंबर म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार. मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत खाली बंगळूर आणि पुढे चेन्नईपर्यंत जाणारा. २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि आमच्याकडच्या चारचा अठ्ठेचाळीस झाला, पण अब्बांना ते मान्य नाही. १९५८ साली सोळाव्या वर्षी ते भवानी पेठेतल्या एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, १९६५ साली स्टिअरिंग हातात आलं आणि १९९८ साली कमरेने साथ सोडली तेव्हा उतरले. कोल्हापूरचा गूळ, निपाणीची तंबाखू, परतीला पुण्याहून किराणा आणि लोखंडी सामान. चाळीस वर्षं ते या एका रस्त्याने येत-जात राहिले. आम्हाला शाळेत पोहोचवायला मात्र त्यांना कधी जमलं नाही, कारण ते नेहमी साताऱ्याच्या पलीकडे असायचे.

धाकट्याचा मुलगा अकरावीत आहे. दादाजानला फिरवायचं ठरल्यावर त्याने रात्रीतून मोबाईलवर शोधाशोध करून सकाळी आम्हाला यादी वाचून दाखवली. रस्त्यालगतच्या अजब जागा, असं त्याने तिला नाव दिलं होतं. कात्रजचा जुना बोगदा. मेणवलीची पोर्तुगीज घंटा. लिंबची बारा मोटांची विहीर. आणि खेड-शिवापूरच्या दर्ग्यातला बोटांवर उचलला जाणारा दगड. शेवटचं नाव तो सहज वाचून गेला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काही बोललो नाही. ते का, ते पुढे येईलच.

डिसेंबरातल्या एका रविवारी फजरनंतर निघालो. थोरल्याने गाडी घेतली, शेजारी अब्बा, मागे आम्ही बाकीचे. स्वारगेट सोडलं तसे अब्बा अस्वस्थ झाले. पद्मावती कुठे, धनकवडीचा फाटा आला का, असं सारखं विचारत होते. उड्डाणपुलांमुळे त्यांचा हिशेब चुकत होता. पुलावर गेलं की रस्त्याचा आवाज बदलतो आणि त्यांना नजरेने दिसत नसल्यामुळे आता आवाजाशिवाय दुसरी खूण उरलेली नाही. कात्रजला तलावाच्या बाजूने वारा आला तेव्हा कुठे ते सावरून बसले. पेशव्यांनी याच तलावातून जमिनीखालच्या नळाने शहरातल्या हौदांना पाणी नेलं होतं. नातवाला ते सांगून झालं, सर्पोद्यान दाखवून झालं आणि मग घाट लागला.

बहुतेक गाड्या आता बाह्यवळणावरच्या नव्या रुंद बोगद्याने जातात. आम्ही मुद्दाम जुन्या घाटाने चढलो. अब्बांनी काच खाली करायला लावली आणि तळहात मांडीवर ठेवून वळणं मोजू लागले. शेवटच्या वळणाला म्हणाले, "अब लाईट लगा. हॉर्न दे." समोर खरोखरच ब्रिटिशांच्या काळातला तो अरुंद बोगदा होता. थोरल्याने हॉर्न दिला. आत गेल्यावर अब्बांनी कान बाहेर काढल्यासारखी मान कलती केली. त्या काळी समोरून भरलेला ट्रक आला तर आत दोघांची कसोटी लागायची. क्लीनरने खाली उतरून, भिंतीला चिकटून, हाताने गाडीवर थापा मारत अंतर सांगायचं. एक थाप म्हणजे येऊ दे, दोन थापा म्हणजे थांब. हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं होतं. नातवाने पहिल्यांदा ऐकलं आणि चक्क मोबाईल खिशात ठेवला.

घाट उतरून खेड-शिवापूरचा टोलनाका आला. दर्ग्याची कमान जवळच. थोरल्याने वेग कमी केला. अब्बांना ते कळलं. "वापसी में," एवढंच म्हणाले.

खंबाटकीच्या अलीकडचा प्रवास सांगण्यासारखा नाही. एका वेळी एक पदरी असलेल्या, दुतर्फा वडाच्या झाडांच्या ज्या रस्त्याच्या गोष्टी आम्ही ऐकल्या, तो रस्ता सुवर्ण चतुष्कोनाच्या कामात गेला. आता चौपदरी, सहापदरी डांबर आणि दोन्ही बाजूंना एकसारखी हॉटेलं. सारोळ्याला नीरेचा पूल आला हे अब्बांना सांगावं लागलं नाही. शिरवळ मात्र त्यांनी ओळखलं नाही. कारखाने नव्हते तेव्हाचं शिरवळ त्यांच्या डोक्यात होतं.

सुरूर फाट्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी १९६७ची गोष्ट सांगितली. ही आम्हालाही नवी होती. ११ डिसेंबरची पहाट. रमजान चालू होता. फाट्यावरच्या एका झोपडीवजा हॉटेलात अब्बा आणि त्यांचे उस्ताद सेहरीला बसले होते. हॉटेलवाला गुरव होता. रोजे आहेत हे ठाऊक असल्याने तो चार वाजता उठून त्यांच्यासाठी भाकरी टाकायचा. चार वाजून वीस-एकवीस मिनिटांनी फळीवरच्या कपबश्या आपोआप वाजायला लागल्या. अब्बांना वाटलं, जड गाडी चालली आहे. मग फळीच खाली आली. कोयनेचा भूकंप होता तो. तिघं बाहेर पळाले. हातात उरलेली भाकरी उस्तादांनी उघड्यावर उभ्या उभ्या तीन वाटे करून खाल्ली आणि खायला लावली, कारण सेहरीची वेळ संपत आली होती. गुरव म्हणाला, माझा कसला उपास? उस्ताद म्हणाले, "आज तेरा बी." अब्बा सांगतात, त्या दिवशी त्या माणसाने संध्याकाळपर्यंत खरंच काही खाल्लं नाही. अर्थात कपबश्या फुटलेल्या, चूल विझलेली, कराड-पाटणकडच्या बातम्या येत असलेल्या. खाणार तरी काय, असं आमच्यातला थोरला म्हणाला. अब्बांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

वाईला वळून मेणवली गाठली. नाना फडणविसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट. 'स्वदेस'चं चित्रीकरण २००४च्या आधी इथे झालं म्हणून तरुण मुलं पायऱ्यांवर फोटो काढत होती. ज्या घंटेसाठी आलो ती मेणेश्वराच्या देवळाजवळच्या छोट्याशा बांधणीत टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सैन्याने आणल्या. त्या इथेतिथे देवळांत बसल्या. भीमाशंकरलाही अशीच एक आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल कोरलेलं आहे आणि बाळाला कडेवर घेतलेली एक बाई.

अब्बांना काही दिसत नव्हतं. घाटावरच्या एका आजोबांनी स्वतः होऊन त्यांचा हात धरला आणि घंटेवर ठेवला. अब्बांची बोटं थंड धातूवरून हळूहळू फिरली. आकडे लागले. मग बाईचा पदर, मग लहानगं डोकं. "कोण आहे म्हणायची?" आजोबांनी विचारलं. आमच्यातल्या धाकट्याने सांगितलं, येशू ख्रिस्ताची आई. अब्बा म्हणाले, "बीबी मरियम." आणि हात तसाच ठेवून त्यांनी ओठातल्या ओठात सलाम म्हटला. कुराणात मरियमच्या नावाची अख्खी सूरत आहे, हे आमच्या मधलीने त्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "असं का? आम्ही आपली देवी म्हणूनच कुंकू लावायचो लहानपणी." खरंच लावत असतील का, कोण जाणे. पण आम्हाला ते खरं वाटलं.

लिंबची विहीर हायवेपासून आत, शेरेवाडीच्या रानात आहे. १७१९ ते १७२४ या काळात, शाहू महाराजांच्या राजवटीत, वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. वरून पाहिलं तर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली आयताकृती विहीर, मिळून शिवपिंडीचा आकार. पायऱ्या उतरून आत गेलं की दगडी कमानी, भिंतींवर कोरलेली जनावरं आणि वर पाण्याच्या माथ्यावरच चक्क एक छोटा महाल. राजाने उन्हाळ्यात बसावं, मसलत करावी असा. भोवतीच्या आमराईला पाणी पोचावं म्हणून एका वेळी बारा मोटा चालतील अशी काठावर सोय. बारा मोटा म्हणजे चोवीस बैल आणि बारा माणसं.

अब्बांना पायऱ्या उतरवणं शक्य नव्हतं. ते काठावर, मोटेच्या दगडाला टेकून बसले. त्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा होत्या. त्यांत बोट घालून ते म्हणाले, "हमारे परदादा का काम." आमचे खापरपणजोबा पखालवाले होते, एवढं आम्हाला माहीत होतं. साताऱ्याच्या पेठेत बैलावर चामड्याची पखाल लादून घरोघर पाणी घालायचे. पण मोट शिवण्याचं, फाटलेली मोट सांधण्याचं कामही त्यांच्याकडे होतं, हे आजच कळलं. चामड्याच्या पखालीतलं पाणी कोणाच्या घरात चालायचं, कोणाच्या घरात दारापर्यंतच, तेही अब्बांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. नातू खालून हाका मारत होता, पाण्यात कासव आहे म्हणून. आम्ही बराच वेळ त्या दगडापाशी बसून राहिलो. आमच्या घराण्याचा लिहिलेला इतिहास कुठेच नाही. या खाचांमध्ये तो असेल तर असो.

परतीच्या वाटेवर गाडीत बोलणं आपोआप कमी झालं. दर्गा जवळ येत होता.

आता ती जुनी गोष्ट. आम्ही लहान असताना अब्बा वर्षातून एकदा, उरुसाच्या सुमाराला, सगळ्यांना ट्रकमध्ये बसवून खेड-शिवापूरला न्यायचे. कमरअली दरवेशांचा दर्गा. अंगणात गोल दगड. मोठ्याचं वजन नव्वद किलोंच्या आसपास सांगतात. अकरा पुरुषांनी गोल करून उजव्या हाताची तर्जनी दगडाखाली लावायची आणि एका दमात दरवेशांचं नाव घ्यायचं. दगड उचलला जातो, छातीपर्यंत जातो, श्वास संपला की धाडकन खाली येतो आणि सगळे उड्या मारून मागे सरकतात. दंतकथा अशी की इथे पूर्वी तालीम होती, पैलवान लहानग्या कमरअलींना हिणवायचे, तेव्हा त्यांनी सांगितलं की तुमच्या ताकदीने हे दगड उचलणार नाहीत.

१९८५ साली आमच्यातला थोरला कॉलेजात होता. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यातच मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं होतं. दलवाई १९७७ साली गेले, पण शाहबानो प्रकरणाच्या त्या दिवसांत मंडळाच्या सभांना पुन्हा गर्दी होत होती. थोरला जायचा. मागोमाग आम्ही दोघंही. त्या वर्षी उरुसाला दगडापाशी, चार लोकांसमोर, थोरल्याने अब्बांना हिशेब घातला. नव्वद भागिले अकरा, एका बोटावर जेमतेम सव्वाआठ किलो. एवढं कोणीही उचलतं. यात करामत कसली? आम्ही दोघं हसलो. ते हसणं जास्त लागलं असावं. अब्बा काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी आम्हाला कधी तिथे नेलं नाही. ट्रक घेऊन जाता-येता ते एकटे थांबत असणार. अम्मी गेली त्या वर्षीही एकटेच गेले. अडतीस वर्षं झाली. हिशेब अजूनही बरोबरच आहे. आम्ही चूक काय केली, हे मात्र कळायला वेळ लागला.

असरची नमाज झाली होती. अंगणात फार गर्दी नव्हती. मजारीवर फुलं घालून आम्ही बाहेर आलो. दगडाला बोट लावायची मुभा पुरुषांनाच, तशी रीत आहे. आमच्यातली मधली कडेला उभी राहिली. ती शाळेत गणित शिकवते. सवयीने मोजायला लागली. आमच्यातले दोघे, नातू, इचलकरंजीहून आलेले चार मित्र, हायवेवर ट्रक लावून आलेले एक सरदारजी आणि त्यांचा क्लीनर, कपाळाला गंध लावलेला एक नवा नवरदेव. "दहा होताहेत," ती म्हणाली. अजून कोणी येतंय का म्हणून सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मधली म्हणाली, "अकरावी मी आहे की." काहीजण हसले, वाईट हेतूने नव्हे. हाजीअलीच्या मजारीपर्यंत जायची वाट मुंबईतल्या बायकांना २०१६ साली उच्च न्यायालयाच्या निकालाने मोकळी झाली. इथे कोणी कोर्टात जावं असं तिला वाटत नव्हतं. तिने फक्त मोजून जे आलं ते सांगितलं.

"मैं हूँ," अब्बा मागून म्हणाले.

आम्ही नको म्हणालो. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, वय एक्क्याऐंशी, वाकताना तोल जातो. सरदारजींनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि अब्बांना बगलेत धरून दोन पायांवर नीट बसतं केलं. नातवाने त्यांचं बोट दगडाखाली लावून दिलं. मग अब्बांनीच आवाज दिला. आमच्या आठवणीतला आवाज. भरलेल्या गाडीतून पोती उतरवताना हमालांना द्यायचे तसा. सगळ्यांनी त्या आवाजात आवाज मिसळला आणि दगड उठला. गुडघा, कंबर, छाती. अब्बांचा हात वर गेला होता आणि मान मागे. दगड पडला तेव्हा सरदारजींनी त्यांना अलगद मागे खेचलं. नवरदेव ओरडला, "उचलला, आजोबा!" अब्बांनी खिशातून काढून क्लीनरच्या हातावर वीस रुपये ठेवले. का, ते त्यांनाच माहीत.

गाडी हायवेला लागल्यावर बऱ्याच वेळाने अब्बा म्हणाले, "मेरी उंगली पे कुछ आयाच नहीं."

थोरला म्हणाला, "आया होगा अब्बा. ध्यान में नहीं आया होगा."

"चालीस साल वजन उठाया मैंने. वजन आया तो मालूम पड़ता." थोडं थांबून म्हणाले, "दस में बी उठता वो. नौ में बी. उस साल तू बोला था ना, हिशेब. वो हमना पहले से मालूम था."

कोणालाच काय बोलावं कळेना. शेवटी मधलीने विचारलं, मग दरवर्षी अकराचा हट्ट कशाला? माणसं मिळेपर्यंत तासतास थांबायचात.

"रुकने कूच तो जाता था," अब्बा म्हणाले. "ट्रक में अकेला रैता आदमी." आणि मग, खिडकीकडे तोंड करून, "तेरी अम्मी बी एक बार वहीच बोली थी. ग्यारहवीं मैं हूँ बोलके."

मधलीने पुढच्या सीटच्या पाठीवर कपाळ टेकलं. धाकट्याने उगीचच पाण्याची बाटली पुढे केली.

कात्रजला थोरल्याने न विचारता जुन्या घाटाला गाडी घातली. अंधार पडला होता. नातू एकदम म्हणाला, "चाचू, लाइट लावा, हॉर्न द्या," आणि अब्बा हसले. बोगद्यातून बाहेर पडलं की उजव्या हाताला खाली पुणं दिसतं. कोल्हापूरहून रात्रभर गाडी चालवून आलं की इथे पहाटे उजाडायच्या आधी चार-दोन दिवे दिसायचे आणि घर आल्यासारखं वाटायचं, असं ते नेहमी सांगत. आम्ही गाडी कडेला घेतली.

"बत्तियां कित्ती हैं अब?" त्यांनी विचारलं.

आम्ही सांगायला लागलो. कात्रज चौक, त्यामागे बिबवेवाडी, डावीकडे आंबेगावच्या उंच इमारती, मध्ये पूल, पुलावर गाड्यांची रांग. एकजण सांगायचा, दुसरा दुरुस्त करायचा, मधली म्हणायची तसं नाही, ती पर्वती असणार. अब्बा मान डोलावत ऐकत होते. मागून एक टेम्पो आला आणि आम्ही रस्ता अडवला म्हणून जोरजोरात हॉर्न वाजवू लागला. "जाने दे उसकू पहले," अब्बा म्हणाले, "माल भरा हुआ है उसका." टायरच्या आवाजावरून त्यांना ते कळलं होतं.